प्रांगणातील बाग : हिरवळ की बहुवर्षायू ताटवे?

संस्थेच्या वर्धापनाचा सोहळा जवळ येऊ लागला की भिंतींना रंग लागतो, कमानीची डागडुजी होते आणि त्याच ओघात दर्शनी प्रांगणातील बागेचाही विषय निघतो. या वेळीही तो निघाला आहे. बाग नव्याने मांडावी याविषयी कोणाचे दुमत नाही. मात्र ती कशी मांडावी याविषयी दोन विचार पुढे आले आहेत. चारही चौकांत नवी हिरवळ अंथरावी, मधोमध कारंजे बसवावे आणि सोहळ्याच्या आठवडाभर आधी रोपवाटिकेतून फुललेल्या कुंड्या आणून ओळीने मांडाव्यात, हा पहिला विचार. त्यासाठी खर्च उचलण्याची तयारीही एका हितचिंतकांनी दर्शविली आहे, आणि त्यांच्या सद्भावनेविषयी आम्हांला नितांत आदर आहे. तरीही आम्ही काही शिक्षक व माजी विद्यार्थी दुसऱ्या विचाराचे आहोत. हिरवळीचा मोह सोडावा आणि त्या जागी बहुवर्षायू वनस्पतींचे रुंद ताटवे घडवावेत, असे आम्हांला वाटते. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यामागील कारणे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बहुवर्षायू म्हणजे एकदा लावली की त्याच कंदातून, गड्ड्यातून वा बुडख्यातून वर्षानुवर्षे फुटत राहणारी झाडे. गुलबक्षी, निशिगंध, शेवंती, कोरांटी, पावसाळी लिली, गवती चहा, वाळा ही सारी त्याच कुळरीतीची. आपल्यापैकी बहुतेकांच्या आजीच्या अंगणात यांपैकी दोनतीन तरी होतीच. बागेचे शास्त्र कोणी शिकविले नव्हते, पण नहाणीच्या पाण्यावर कर्दळ आणि रांजणाच्या ओलीवर गुलबक्षी कशी जगते हे त्या घरांना ठाऊक होते.

आजची आपली बाग ज्या घाटाची आहे तो घाट परभणी जिल्ह्यात जागोजाग दिसतो. चौरस जागा, एकमेकींना छेदणाऱ्या दोन वाटा, मधोमध पुतळा किंवा ध्वजस्तंभ, चार चौकांत हिरवळ, कडेने दुरांट्याचे कातरलेले कुंपण आणि मागे उंच सरळ अशोकांची रांग. तहसील कचेरी असो, साखर कारखान्याचे अतिथिगृह असो वा महाविद्यालय, आराखडा तोच. (जाता जाता नोंदवावेसे वाटते, की ही सरळसोट झाडे म्हणजे खरा अशोक नव्हे. तांबूस-केशरी फुलांचा सीताअशोक वेगळा. त्याला सावली व ओल लागते, आणि आपल्या उघड्या माळावर तो टिकणे अवघड.) या आराखड्यात दोन परंपरा एकत्र आल्या आहेत. वाटांनी चार भाग पाडण्याची रीत चारबागेची आहे. तिचे मराठवाड्यातील सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील बीबी का मकबरा. सतराव्या शतकात दिलरस बानू बेगमच्या स्मरणार्थ उभारलेल्या त्या वास्तूभोवतीची बाग पाण्याच्या सरळ पाटांवर आणि कारंज्यांवर तोललेली आहे. पण ज्या शहरात ती घडली तेथे मलिक अंबरने आधीच नहरींचे जाळे विणले होते, हे विसरता कामा नये. आधी पाणी आले आणि मग बाग आली. दुसरी परंपरा हिरवळीची. ती इंग्रजांच्या बंगल्यांतून सरकारी विश्रामगृहांत, आणि तेथून शाळा-महाविद्यालयांच्या दर्शनी भागात उतरली. ज्या देशातून ती आली तेथे पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो आणि ऊन मवाळ असते. तेथे हिरवळ जवळजवळ आपोआप वाढते, नुसती कापावी लागते.

आपल्याकडे वर्षाचा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. मे महिन्यात परभणीचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि हिवाळ्यात तोच पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली उतरल्याच्या नोंदी येथील कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत झालेल्या आहेत. इतक्या टोकाच्या ऋतूंत जे तगते तेच आपले, अशी निवड निसर्गाने आधीच करून ठेवली आहे. आपण तिच्या विरुद्ध जाऊन दरवर्षी पैसे मोजतो. कार्तिकात पिटुनिया, पॅन्सी, डायान्थसची रोपे येतात, प्रजासत्ताक दिनी छायाचित्रे निघतात, आणि होळीच्या सुमारास वाफे उकरून सारे उकिरड्यावर जाते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ही बाग आपल्याजवळ राहतच नाही. ती भाड्याने आणलेल्या मंडपासारखी येते आणि जाते.

आता पाण्याचा हिशेब. तो आम्ही मुद्दाम सविस्तर मांडीत आहोत, कारण आमच्या म्हणण्याचा कणा तोच आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. कडक उन्हाळ्यात परभणीसारख्या ठिकाणी उघड्या पाण्याचे बाष्पीभवन दिवसाला दहा मिलिमीटरहून अधिक होते. हिरवळ त्याच्या निम्म्याने पाणी पिते असे धरले, तरी दर चौरस मीटरला रोज साधारण साडेपाच लिटर पाणी द्यावे लागते. चार चौक मिळून पाव एकर, म्हणजे सुमारे हजार चौरस मीटर हिरवळ धरा. रोजचे पाणी झाले साडेपाच हजार लिटर. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे, हे जल जीवन मिशनने ठरविलेले मान आहे. म्हणजे ही पाव एकर हिरवळ रोज शंभर माणसांचे पाणी पिते. हे पिणे, अंघोळ, स्वयंपाक, धुणे असे सारे धरून शंभर माणसांचे आहे. निवासी शाळेत याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. पहाटे नळाखाली रांगेत बादली घेऊन उभ्या असलेल्या मुलांपैकी शंभर जणांच्या बादल्या बागेत रित्या होतात.

आणखी एका आकड्याशी हा हिशेब ताडून पाहावा. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत दहा टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले आणि साऱ्या देशाने ते दृश्य पाहिले. वरील हिशेबाने ते पाणी आपल्या पाव एकर हिरवळीला तीन महिने पुरेल. एका शहराच्या तहानेसाठी आगगाडी धावली, आणि तितकेच पाणी एका प्रांगणातील गवत एका उन्हाळ्यात संपविते. लातूर आपल्यापासून दूर नाही. ते दिवस परभणीनेही पाहिले आहेत. विहिरींच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरणाऱ्या स्त्रिया आपल्या विद्यार्थ्यांच्याच आया होत्या. पाण्याजवळ जाण्याचा हक्क ज्यांच्या पूर्वजांना झगडून मिळवावा लागला, त्यांच्या मुलांच्या शाळेने शोभेसाठी पाणी ओतावे, हे आमच्या मनाला पटत नाही.

यावर कोणी म्हणेल की आपल्या विंधन विहिरीला पाणी आहे. आज आहे. परंतु हिरवळीची गरज नेमकी तेव्हा सर्वाधिक असते जेव्हा विहिरीचे पाणी सर्वांत खोल गेलेले असते. शिवाय एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. एप्रिलअखेर परीक्षा संपतात, वसतिगृह रिकामे होते, आणि जूनच्या मध्यापर्यंत येथे पहारेकऱ्यावाचून कोणी नसते. मुले सुट्टीवर जातात, शिक्षक जातात. हिरवळ मात्र सुट्टीवर जात नाही. निवासी शाळेची बाग अशी हवी की जी मुलांबरोबर झोपी जाईल आणि मुलांबरोबर जागी होईल. बहुवर्षायू झाडांपैकी कित्येकांचे वेळापत्रक, नवल वाटावे इतके, आपल्या शाळेच्या वेळापत्रकाशी जुळते. पावसाळी लिलीचे कंद उन्हाळाभर मातीत निपचित पडून असतात. पहिला दमदार पाऊस झाला की चारसहा दिवसांत गुलाबी-पांढऱ्या फुलांची रांग उभी राहते. शाळा उघडण्याचा आठवडाही तोच.

आम्ही सुचवितो आहोत ती कल्पना पाश्चात्त्य देशांतही नवी नाही, आणि तिकडेही ती भपक्याच्या विरोधातूनच जन्मली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील श्रीमंत घराण्यांच्या बागांतून काचघरांत वाढविलेली हंगामी रोपे गालिच्यासारखी मांडायची, आणि हंगाम सरला की उपटून टाकायची, अशी पद्धत होती. आयर्लंडमधील विल्यम रॉबिन्सन या माळ्याने तिच्यावर हल्ला चढविला. १८७० साली निघालेल्या त्याच्या ‘द वाइल्ड गार्डन’ या पुस्तकाने टिकाऊ, काटक झाडांची बाजू घेतली. त्याच विचाराची गर्ट्रूड जेकिल ही मूळची चित्रकार. डोळे अधू होऊ लागल्यावर ती बागेकडे वळली आणि बहुवर्षायू ताटव्यांत रंगांची मांडणी कशी करावी याचे तिने शास्त्रच रचले. आपल्या काळात नेदरलँड्सच्या पीट ऑडॉल्फ यांनी ही परंपरा आणखी पुढे नेली. शिकागोतील ल्युरी गार्डन (२००४) आणि न्यूयॉर्कमध्ये बंद पडलेल्या उंच मालवाहू रेल्वेमार्गावर घडविलेली हाय लाइन ही बाग (पहिला टप्पा २००९) यांच्या लागवडीचे आराखडे त्यांचे. त्यांच्या कामात दोन गोष्टी आमच्या उपयोगाच्या आहेत. एक, फुलांइतकेच महत्त्व ते गवतांना देतात. दुसरी, वाळलेले झाड ते लगेच कापून टाकीत नाहीत. काड्या, बोंडे, तुरे हेही बागेचे रूपच आहे असे ते मानतात.

त्यांची झाडे मात्र आपण आणू नयेत. त्यांची रीत घ्यावी, बियाणे आपले असावे. गवते म्हणाल तर मराठवाड्याच्या बांधांवर आणि गायरानांवर मारवेल व पवन्या यांसारखी देखणी गवते आहेत. आश्विनात त्यांचे तुरे उन्हात चमकतात तेव्हा कोणत्याही परदेशी गवताची आठवण होऊ नये. (कुसळी मात्र शाळेत नको. तिची कुसे मुलांच्या मोज्यांत आणि गणवेशात घुसून बसतात.) ताटव्याच्या मागील ओळीत अडुळसा आणि निर्गुंडी असावी. अडुळशाला शेळ्या तोंड लावीत नाहीत, आणि आपल्या कुंपणाची अवस्था पाहता हा गुण लहान नव्हे. निर्गुंडीच्या निळसर मंजिऱ्यांवर मधमाश्यांची गर्दी होते. त्यांच्या पुढे वाळ्याचे उंच झुबके असावेत. वाळ्याची मुळे दोनतीन मीटर खोल जातात आणि माती बांधून ठेवतात. मधल्या पट्ट्यात पिवळी व जांभळी कोरांटी, चित्रक, अबोली, शेवंती, निशिगंध आणि गुलबक्षी लावावी. गुलबक्षी दुपारी चारनंतर उमलते, म्हणजे मुलांच्या खेळाच्या तासाला. सकाळच्या परिपाठाला ती मिटलेली असेल म्हणून तिला नाकारण्याचे कारण नाही. अगदी पुढे, वाटेच्या कडेला, पावसाळी लिली, सदाफुली, कोरफड आणि गवती चहा असावा. शिक्षकवृंदाच्या चहाचा प्रश्नही त्यातच सुटेल.

येथे शुद्ध देशीपणाचा आग्रह आम्ही धरीत नाही, हे स्पष्ट करावेसे वाटते. सदाफुली मूळची मादागास्करची, गुलबक्षी आणि निशिगंध अमेरिका खंडातले, आणि ज्याच्यावाचून आपला एकही सोहळा होत नाही तो झेंडूदेखील मेक्सिकोकडून आला. कुठून आला हे विचारून झाडाला दारात उभे करण्याची रीत आपल्या शाळेत नसावी. येथल्या मातीत जगतो का, येथले पाणी किती पितो आणि येथल्या मुलांना अपाय करतो का, एवढेच विचारावे. या तिसऱ्या कसोटीमुळे कण्हेर आणि कळलावी ही दोन सुंदर झाडे आम्ही वगळतो. दोन्ही विषारी आहेत, आणि पहिलीच्या मुलाला ते समजावून सांगण्यापेक्षा झाड न लावणे सोपे.

मातीविषयी थोडे. आपली जमीन खोल काळी, कापसाची. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि कंद कुजतात. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि मुळे तुटतात. म्हणून ताटवे वाटेपेक्षा वीतभर उंच करावेत, त्यांत मुरूम व कुजलेले शेणखत मिसळावे, आणि पावसाचे जादा पाणी वाटांवरून वाहून जाईल असा उतार ठेवावा. या मातीत चुनखडीचे प्रमाण अधिक असल्याने झाडांना लोह मिळत नाही. अनंत आणि इक्झोराची पाने पिवळी पडून झाडे खुरटतात ती यामुळे. माळ्याला बोल लावून उपयोग नाही. रोपवाटिकांतील बहुतेक रोपे लाल मातीच्या गोळ्यात येतात. तो गोळा तसाच काळ्या मातीत पुरला तर मुळे गोळ्याबाहेर पडत नाहीत आणि पहिल्याच उन्हाळ्यात झाड वाळते. गोळा हलक्या हाताने मोकळा करून लावावे, आणि लागवड दोन मोठे पाऊस झाल्यावरच करावी. सोहळ्याच्या तारखेवर लागवडीची तारीख ठरवू नये. याबाबत दूर जाण्याचेही कारण नाही. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले आणि २०१३ पासून वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाणारे कृषी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. ‘परभणी क्रांती’ या भेंडीच्या वाणाने परभणीचे नाव देशभरच्या भाजीमळ्यांत पोहोचविले ते याच विद्यापीठाने. तेथील उद्यानविद्येच्या जाणकारांना एकदा आपल्या प्रांगणात बोलवावे, अशी आमची सूचना आहे.

बागेचा औपचारिक घाट मोडावा असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. दोन सरळ वाटा राहाव्यात, मधोमध तथागतांची मूर्ती राहावी, आणि पौर्णिमेला रांगेने वंदनेस जाणाऱ्या मुलांना समोर मोकळी जागा राहावी. बदल होईल तो वाटांच्या दोन्ही अंगांना. तेथे आज दीड फुटी पट्टी आहे, तिच्याऐवजी आठ फूट रुंद ताटवा असेल. पट्टी अरुंद असली की झाडांची एकच ओळ बसते आणि तिचा बहर सरला की सारे उघडे पडते. रुंदी असली की एकाचा बहर ओसरताना दुसरे पुढे येते. एकेक झाड न लावता पाचसात झाडांचे पुंजके करावेत, आणि तेच पुंजके चारही चौकांत पुनःपुन्हा यावेत. समतोल आपोआप साधतो, कात्री चालवावी लागत नाही. ताटव्यांमागे उरणाऱ्या जागेत हिरवळीऐवजी मुरूम अंथरून एकदोन कडुनिंब वाढवावेत. मुले सावलीत बसून अभ्यास करतील. हिरवळीवर तर आज त्यांना पाय ठेवण्यासही मनाई आहे.

आक्षेप येतील, आणि त्यांतील एक गंभीर आहे. सर्पदंशाचा. उंच गवत म्हणजे साप, ही भीती पालकांच्या मनात आहे आणि ती पोकळ नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप मराठवाड्यात आढळतात. म्हणून आम्ही सुचवितो, की निवासाच्या खोल्यांपासून वीस फुटांच्या आत ताटवा नसावा, वाट आणि ताटवा यांच्यामध्ये हातभर रुंदीचा उघडा मुरमाचा पट्टा असावा, आणि अंधार पडल्यावर कोणीही ताटव्यात हात घालू नये. परंतु साप उंदरांमागे येतो, हेही ध्यानात घ्यावे. धान्यकोठीचे दार आणि खरकट्याचा हौद जोवर उघडा आहे, तोवर हिरवळ कितीही कातरली तरी धोका तेवढाच.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. कातरलेले कुंपण आणि एकसारखी हिरवळ पाहिली की पाहुण्यांना शाळेची शिस्त दिसते, असे म्हटले जाते. आम्हांला हे पटत नाही. दुरांट्याला दर पंधरवड्याला कात्री लावून चौकोनी ठेवणे हा शिस्तीचा एक प्रकार झाला. कोणते झाड केव्हा फुटते हे जाणून तोवर वाट पाहणे हा दुसरा, आणि शाळेला शोभणारा. मात्र माघ-फाल्गुनात ताटवे भुरकट दिसतील, हे आम्ही लपवीत नाही. वाळलेल्या काड्या उन्हाळाभर मातीवर सावली धरतात. मृगाच्या तोंडावर त्या जमिनीपासून वीतभर ठेवून कापाव्यात. पाहुण्यांनी विचारल्यास विद्यार्थ्यांनीच त्यांना कारण सांगावे. आणखी एक गोष्ट दात्यांना आधीच सांगितली पाहिजे. असा ताटवा पहिल्या वर्षी विरळ दिसतो. तो भरून येतो तिसऱ्या पावसाळ्यात. या सोहळ्याच्या छायाचित्रांत तो शोभणार नाही. आज सहावीत असलेली मुले दहावीच्या निरोप समारंभाला त्याच्यापुढे उभी राहतील तेव्हा शोभेल.

आणि श्रमाचा प्रश्न. यावर आमच्यातही बरीच चर्चा झाली. बाग मुलांनी सांभाळावी की वेतन देऊन माळी ठेवावा? आपल्या विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांनी दुसऱ्यांची अंगणे झाडली, दुसऱ्यांच्या मळ्यांत वेठ केली. ते संपावे म्हणून तर ही शाळा निघाली. तेव्हा श्रमदान हा शब्द उच्चारताना आपण सावध असले पाहिजे. आमचे मत असे, की पूर्ण वेतनावरचा एक माळी असावाच. खड्डे, खत, कापणी ही कष्टाची कामे त्याची. मुलांकडे येईल ते निरीक्षण, नोंद आणि रोपे वाढविणे. प्रत्येक वर्गाला एक तुकडा द्यावा आणि त्याची वही असावी. कोणत्या तारखेला कोणते फूल उमलले, कोणते फुलपाखरू आले, किती बादल्या पाणी घातले हे त्या वहीत यावे. पाच वर्षांच्या अशा वह्या साठल्या तर परभणीच्या ऋतुमानाविषयीचा तो आपल्या मुलांनी लिहिलेला दस्तऐवज ठरेल. आणि दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. शिक्षा म्हणून कोणालाही गवत उपटायला पाठवू नये. झाडू मुलींच्या हाती आणि पाण्याची नळी मुलांच्या हाती, ही वाटणी या प्रांगणात दिसू नये.

पाणी कोठून आणायचे याचेही उत्तर आहे. स्नानगृहांचे पाणी आज उघड्या गटारातून वाहून जाते. ते कर्दळीच्या वाफ्यातून मुरवून ताटव्यांना देता येते. कर्दळीच्या मुळांना ते मानवते. धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र वेगळे काढावे. सोड्यातील क्षाराने काळी माती दगडासारखी घट्ट होते. मुळे धरेपर्यंत, म्हणजे पहिली दोन वर्षे, ताटव्यांना आठवड्यातून एकदोनदा पाणी लागेल. पुढे उन्हाळ्यात महिन्यातून एकदोनदा दिले तरी यांतील बहुतेक झाडे तग धरतील.

वंदनेच्या फुलांचीही गोष्ट येथेच नमूद करावी. आज ती बाजारातून किलोने येतात. पुष्पपूजेच्या वेळी मुले जी गाथा म्हणतात तिचा आशय, फूल जसे कोमेजते तसा हा देहही, असा आहे. ते कोमेजणे मुलांनी झाडावर पाहिलेले असावे, हाराच्या पिशवीत नव्हे, असे आम्हांला वाटते. तगर, अबोली, सदाफुली, शेवंती मिळून वर्षातील बहुतेक दिवस ओंजळभर फुले प्रांगणातच मिळू शकतील.

१९५० साली औरंगाबादेस काढलेल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंद राजाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. प्रश्न विचारणाऱ्या राजाच्या नावाचे विद्यालय, आणि उत्तर देणाऱ्या भिक्खूच्या नावाचे वन. खडकाळ माळावर उभ्या राहणाऱ्या शिक्षणसंस्थेच्या जागेला त्यांनी वन म्हणावे, याचा आम्ही अनेकदा विचार केला आहे. तेथे शिकून गेलेल्यांपैकी काही जण पुढे मराठवाड्यातील शाळांत शिक्षक झाले, आणि आपल्याही शाळेच्या उभारणीत त्यांचा वाटा आहे.

व्यवस्थापन समितीने हा विचार मान्य केल्यास कामाचा क्रम असा असावा. या उन्हाळ्यात चारपैकी फक्त एकच चौक उकरून मातीत मुरूम-खत भरून ठेवावे. मृग व आर्द्रा बरसल्यावर लागवड करावी. उरलेले तीन चौक, पहिल्याचा अनुभव पाहून, पुढील तीन वर्षांत एकेक घ्यावेत. कारंज्यासाठी ठेवलेल्या रकमेतून माळ्याचे पहिल्या वर्षांचे वेतन आणि कर्दळीचा वाफा व्हावा, अशी विनंती आम्ही त्या हितचिंतकांना समक्ष भेटून करणार आहोत. रोपे विकत आणण्याची फारशी गरज पडू नये. सोहळ्यास येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी पुष्पगुच्छ आणू नयेत. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, ज्याचे जे गाव असेल तेथील अंगणातला गुलबक्षीचा कंद, शेवंतीचा फुटवा किंवा बांधावरचा वाळ्याचा एक ठोंब ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावा. सोबत कागदाच्या चिठ्ठीवर गावाचे नाव आणि अंगण कोणाचे होते ते लिहावे. कार्यालयाशेजारच्या सावलीत ती रोपे पाऊस येईपर्यंत जगविण्याची व्यवस्था आम्ही केली आहे.